सॉर्टच्या यादीत नॅन सगळ्यांत वर आणि इन्फ शून्याच्या शेजारी: कारण आणि उपाय

आमच्याकडे दर आठवड्याला महसूल मंडळांच्या पावसाची यादी निघते. शेवटच्या रकान्यात सरासरीपासूनचा फरक टक्क्यांत असतो: उणे म्हणजे तूट, अधिक म्हणजे जादा पाऊस. जून ते सप्टेंबर ही यादी बिनचूक लागते. मार्च-एप्रिल उजाडला की तीच आज्ञा आणि तसलीच फाइल असूनही 'सर्वाधिक तूट' या मथळ्याखाली भलतीच मंडळं वर येतात. त्या आठवड्यात तिथे मुळात पाऊस अपेक्षितच नसतो. मग कुणीतरी सॉर्ट या ओळी क्रमाने लावणाऱ्या आज्ञेतल्या -जी पर्यायाच्या जागी -एन टाकतो (दोन्ही आकड्यांप्रमाणे क्रम लावण्याचे पर्याय), यादीचा माथा स्वच्छ दिसतो आणि विषय मिटला असं सगळ्यांना वाटतं. तीन उन्हाळे मी हे बघतोय. -एन टाकल्यावर चूक जात नाही. ती यादीच्या मधोमध जाऊन बसते आणि तिथे ती कुणाच्या नजरेला पडत नाही.

या लेखात आज्ञा, पर्याय आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि अंकांत टाइप करायचे. सॉर्ट म्हणजे लिनक्सवरचा ग्नू कोअरयुटिल्समधला सॉर्ट.

आधी चूक डोळ्यांनी बघूया. सहा ओळींची फाइल घ्या. रकाने असे: मंडळ, पडलेला पाऊस, सरासरी, फरक टक्क्यांत.

म१  ०  ४.२  -१००
म२  ०  ०  -नॅन
म३  ६.५  ०  इन्फ
म४  ५  ५  ०
म५  ७.५  ५  ५०
म६  ३.१  ०.००००२  १.५४९९९ई+०७

म२ मध्ये सरासरी शून्य आणि पाऊसही शून्य, म्हणून शून्य भागिले शून्य, म्हणजे नॅन. याचा अर्थ 'ही संख्याच नाही'. म३ मध्ये सरासरी शून्य, पण साडेसहा मिलिमीटर पाऊस पडला, म्हणून उत्तर अनंत, छापताना इन्फ. म६ ची सरासरी आजूबाजूच्या केंद्रांवरून काढलेली आहे, त्यामुळे ती शून्य नसली तरी नगण्य आहे. भागाकार प्रचंड आला आणि प्रोग्रामने तो घातांकाच्या रूपात छापला.

आता 'सॉर्ट -के४,४एन' चालवा, म्हणजे फक्त चौथ्या रकान्यावर -एन ने क्रम. क्रम येतो: म१, म२, म३, म४, म६, म५.

आणि 'सॉर्ट -के४,४जी' चालवला तर: म२, म१, म४, म५, म६, म३.

पहिल्या यादीत म३ नीट बघा. जिथे सरासरी शून्य असताना पाऊस पडला ते मंडळ 'सरासरीइतका पाऊस' झालेल्या म४ च्या शेजारी बसलं आहे. एप्रिलमध्ये साडेसहा मिलिमीटर म्हणजे अवकाळी. आंब्याच्या, द्राक्षाच्या, काढणीला आलेल्या कांद्याच्या दृष्टीने त्या आठवड्यातली तीच सगळ्यांत महत्त्वाची ओळ असू शकते. म६ ची गतही तशीच. दीड कोटी टक्क्यांचा आकडा पन्नास टक्क्यांच्या आधी लागला आहे. दुसऱ्या यादीत निदान ही मंडळं टोकांना आहेत, पण म२ 'सर्वाधिक तूट' म्हणून वर आलं आहे आणि तेही खोटं आहे.

दोन्ही पर्याय आपापल्या नियमाने बरोबरच वागतात, म्हणून ते नियम एकदा समजून घ्यायला हवेत.

-एन नेमकं काय करतो

-एन संख्या बनवतच नाही. तो ओळीतली अक्षरं वाचतो: सुरुवातीच्या मोकळ्या जागा, हवं तर एक उणे चिन्ह, मग अंक, मग दशांश चिन्ह आणि पुढचे अंक. एवढंच त्याला कळतं. पुढे 'ई' अक्षर आलं की तो थांबतो, म्हणून १.५४९९९ई+०७ त्याच्या लेखी फक्त १.५४९९९. सुरुवातीचं अधिक चिन्हही त्याला कळत नाही. आणि एकही अंक सापडला नाही तर किंमत शून्य धरतो. नॅन, उणे नॅन, इन्फ, उणे इन्फ, रिकामा रकाना, 'उपलब्ध नाही' असा शेरा, हे सगळं त्याच्यासाठी शून्यच. ज्या यादीत शून्याला स्वतःचा अर्थ आहे, आणि आमच्या यादीत शून्य म्हणजे 'अगदी सरासरीइतका', तिथे हे फार महागात पडतं.

याचा एक फायदाही सांगायला हवा. अक्षरांवर चालत असल्यामुळे कितीही लांबीची संख्या -एन अचूक लावतो. वीस-पंचवीस अंकी क्रमांक असतील तर तोच वापरा. -जी संख्येचं फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे ठरावीक अंकच मावणाऱ्या दशांश रूपात, रूपांतर करतो, त्यात शेवटचे अंक गळू शकतात. साध्या इंटेल-एएमडी यंत्रावर १९ अंकांपर्यंत भरवसा ठेवता येतो, त्यापुढे नाही.

-जी चा क्रम

-जी मात्र खरोखर संख्या बनवतो. घातांक, अनंत, नॅन, शून्य-एक्स लावलेल्या षोडशमान संख्या, सगळं त्याला वाचता येतं. त्याचा चढता क्रम ठरलेला आहे. सर्वांत आधी ज्या ओळींत संख्या सापडली नाही त्या, आणि त्या सगळ्या एकमेकींच्या बरोबरीच्या. मग नॅन. मग उणे अनंत. मग साध्या संख्या, ज्यात उणे शून्य आणि अधिक शून्य समान. शेवटी अधिक अनंत. -आर लावला की हाच क्रम उलटा होतो, म्हणजे इन्फ वर येतो आणि नॅन तळाला जातो.

नॅनला काहीतरी ठरलेली जागा द्यावीच लागते. संगणकातल्या दशांश संख्यांसाठीच्या १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ मानकानुसार नॅन कुणापेक्षाही लहान नाही, मोठा नाही, आणि स्वतःशीसुद्धा समान नाही. क्रम लावणाऱ्या पद्धती 'हा त्याच्यापेक्षा लहान आहे का' या एकाच प्रश्नावर चालतात, आणि नॅनबाबत उत्तर दर वेळी 'नाही' येतं. पायथनमध्ये ३, नॅन, १ अशी यादी सॉर्ट करून बघा. उत्तर ३, नॅन, १ असंच येतं. नॅन मध्ये उभा राहिल्यामुळे ३ आणि १ यांची कधी गाठच पडत नाही. म्हणजे एका नॅनमुळे नॅनचीच नव्हे, बाकीच्या धड संख्यांची जागाही चुकते. ग्नू सॉर्ट हे होऊ देत नाही, आणि हे त्याचं मोठं काम आहे.

जागा कुठली, यावर मात्र एकमत नाही. ग्नू सॉर्ट नॅन आधी ठेवतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस नॅनला सगळ्या संख्यांपेक्षा मोठा मानतो. पायथनच्या लायब्ररींपैकी नमपाय तो शेवटी टाकतं, पांडाज न सांगता शेवटी टाकतं आणि सांगितलं तर आधी. २००८ च्या आयट्रिपलई ७५४ मध्ये एक संपूर्ण क्रम दिला आहे, त्यात उणे चिन्हाचा नॅन उणे अनंताच्याही आधी आणि अधिक चिन्हाचा नॅन अधिक अनंताच्याही नंतर. त्यामुळे टर्मिनलवर लावलेली यादी आणि डेटाबेसमधून काढलेली यादी समोरासमोर ठेवून 'यातली चुकीची कुठली' असं विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर असू शकतात. माझा कल ग्नू सॉर्टकडे आहे, कारण पहिल्या दहा ओळी बघायची सवय सगळ्यांना असते आणि बिघाड तिथे लगेच दिसतो.

नांदेड आणि नंदुरबार यवतमाळनंतर का येतात

हा प्रकार मला एका सहकाऱ्याने दाखवला, आणि -जी कसा वाचतो हे त्यातून जितकं स्पष्ट कळतं तितकं कशातूनच कळत नाही. राज्यातल्या ३६ जिल्ह्यांची रोमन लिपीतली यादी घ्या, दर ओळीत एक नाव, आणि रकाना न सांगता नुसतं 'सॉर्ट -जी' चालवा. सगळे जिल्हे अकारविल्हे लागतात, यवतमाळपर्यंत व्यवस्थित. आणि यवतमाळच्या खाली, एकदम शेवटी, नांदेड आणि नंदुरबार.

यात बिघाड काहीच नाही. या दोन्ही नावांची रोमनमधली पहिली तीन अक्षरं एन-ए-एन अशी आहेत. मजकुराची संख्या करणारं सी भाषेचं फंक्शन लहान-मोठी अक्षरं सारखीच धरतं आणि जितकं कळेल तितकं वाचून थांबतं. म्हणून 'नांदेड' हे त्याला नॅन आणि मागे उरलेली तीन अक्षरं असं दिसतं. बाकी ३४ जिल्ह्यांत त्याला संख्या सापडलीच नाही, म्हणून ते आधी, आणि नॅन त्यांच्यानंतर.

याच आज्ञेला '--डीबग' जोडा. सॉर्ट प्रत्येक ओळीखाली, ती लावताना वापरलेल्या भागाला अधोरेखा मारून दाखवतो. नांदेडखाली पहिली रेघ फक्त पहिल्या तीन अक्षरांखाली येते. नागपूरखाली त्या पहिल्या रेघेच्या जागी 'किल्लीशी काही जुळलं नाही' या अर्थाची खूण येते; किल्ली म्हणजे क्रम लावताना बघितला जाणारा भाग. दोन्हींखाली पूर्ण नावाची आणखी एक रेघ असते, ती बरोबरी सोडवणाऱ्या शेवटच्या तुलनेची. यादी चुकीची लागली असं वाटलं की पहिलं काम म्हणजे --डीबग. निम्म्या तक्रारी त्या रेघा बघूनच सुटतात.

रेघांमध्ये दिसणारी आणखी एक नेहमीची चूक: 'शिरूर कासार' किंवा 'शिरूर अनंतपाळ' असं दोन शब्दांचं नाव. रकाने मोकळ्या जागेने वेगळे केलेले असले की त्या एका ओळीत सगळं एक घर पुढे सरकतं, आणि टक्केवारीच्या जागी सरासरीचा आकडा वाचला जातो. फाइल टॅबने वेगळी करा आणि सॉर्टला -टी पर्यायाने तो टॅब सांगा. सोबत '-के४,४जी' असं पूर्ण लिहा, '-के४जी' नको. नुसतं '-के४जी' म्हणजे चौथ्या रकान्यापासून ओळीच्या शेवटापर्यंत. चौथा रकाना रिकामा असेल तर वाचणारं फंक्शन टॅब ओलांडून पाचव्या रकान्यातला आकडा उचलतं, आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही.

यंत्र बदललं आणि गाळणी बंद पडली

मागच्या वर्षी टक्केवारी काढणारा सी मधला छोटा प्रोग्राम आम्ही जुन्या डेस्कटॉपवरून रास्पबेरी पाय या एआरएम प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर नेला. आधी कुणीतरी '-नॅन' हा शब्द असलेल्या ओळी ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने गाळायची सोय केली होती. पायवर ती एकही ओळ गाळेना. कारण साधं आहे. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर चालू प्रोग्राममध्ये शून्य भागिले शून्य केलं की तयार होणाऱ्या नॅनचा चिन्हाचा बिट लागलेला असतो, म्हणून लिनक्सवर तो '-नॅन' छापला जातो. एआरएम प्रोसेसरवर तो बिट लागत नाही, तिथे 'नॅन' छापलं जातं. त्या उणे चिन्हाला गणिती अर्थ काहीही नाही. त्यावर कुठलीही गाळणी उभी करू नका.

इतर ठिकाणाहून आलेल्या फाइलींत नॅन आणि अनंत आणखी वेगळ्या वेषात येतात, आणि ते जास्त घातक आहेत. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ च्या आधीच्या मायक्रोसॉफ्ट सी लायब्ररीवर बांधलेले प्रोग्राम अनंत '१.#आयएनएफ' असं छापतात आणि शून्य भागिले शून्य '-१.#आयएनडी' असं. -एन असो वा -जी, दोघंही ते १ आणि -१ असंच वाचतात. म्हणजे सरासरीपेक्षा एक टक्का जास्त आणि एक टक्का कमी, कुणालाही खरं वाटेल असं. फोर्ट्रानमध्ये घातांकासाठी 'डी' अक्षर येतं, १.०डी+०५ असं, आणि ते १.० वाचलं जातं. घातांक तीन अंकी झाला तर फोर्ट्रान अनेकदा अक्षरच गाळतं: १.२३४-१०५. जवळजवळ शून्य असलेली ही संख्या १.२३४ म्हणून लागते.

आपल्याकडच्या फाइलींत आणखी तीन गोष्टी सापडतात. एक, एक्सेलमध्ये भरलेले खरेखुरे देवनागरी अंक. सॉर्टला ते संख्या म्हणून वाचता येत नाहीत. दोन, वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेलं लांब उणे चिन्ह. ते दिसतं उणेसारखं, पण कीबोर्डवरच्या उणेपेक्षा वेगळं अक्षर आहे, आणि तिथेच वाचन थांबतं. तीन, पीकक्षेत्राचे १,२५,००० असे लाखाच्या स्वल्पविरामाचे आकडे. भारतीय इंग्रजी लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे यंत्रावरची भाषा-प्रदेशाची मांडणी) -एन ते सव्वा लाख असं नीट वाचतो, सी लोकेलमध्ये १ वाचतो, आणि -जी कुठेही १ च वाचतो. म्हणून सॉर्टच्या आधी स्वल्पविराम काढून टाका आणि आज्ञेच्या आधी 'एलसी_ऑल=सी' लावा, म्हणजे प्रत्येकाच्या यंत्रावर क्रम एकच येईल.

-यू बद्दल इशारा

आमचं सगळ्यांत मोठं नुकसान -यू ने केलं. 'सॉर्ट -के४,४जी -यू' लिहिलं की किल्ली समान असलेल्या ओळींपैकी एकच उरते. संख्या न सापडलेल्या सगळ्या ओळी -जी च्या दृष्टीने समान, एकाच प्रकारचे नॅन समान, सगळे इन्फ समान. एप्रिलमध्ये अकरा मंडळांत इन्फ होतं, यादीत एकच दिसलं. -एन सोबत तर नॅन, इन्फ, रिकामे रकाने आणि खरे शून्य मिळून एकच ओळ राहते. पुनरावृत्त ओळी काढायच्या असतील तर आधी 'सॉर्ट -यू' पूर्ण ओळीवर चालवा, मग वेगळ्या पायरीत रकान्यावर क्रम लावा.

उपाय, आमच्याकडे आता चालतो तो

सॉर्टला या किमतींचा अर्थ कळणं शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. त्याने ठरलेला, दर वेळी तोच क्रम द्यावा, एवढंच त्याचं काम. अर्थ लावायची जबाबदारी आपली, आणि ती सॉर्टच्या आधीच पार पाडायला हवी.

मूळ प्रोग्राम हातात असेल तर दुरुस्ती तिथेच करा. टक्केवारी छापण्याआधी सी मधल्या 'आयएसफायनाइट'ने (संख्या साधी आहे, नॅन किंवा अनंत नाही, हे बघणारं) तपासा. उत्तर साधी संख्या नसेल तर टक्केवारीच्या जागी काहीही अंदाजे भरू नका. ९९९ किंवा -९९ असले खुणेचे आकडे तर अजिबात नकोत, ते पुढे कुणाच्या तरी सरासरीत मिसळतात. त्याऐवजी शेवटी एक शेऱ्याचा रकाना जोडा. आमच्याकडे तीन शेरे आहेत: 'कोरडं-अपेक्षित', म्हणजे सरासरी शून्य आणि पाऊस शून्य. 'अवकाळी', म्हणजे सरासरी शून्य पण पाऊस झाला. आणि 'नोंद-नाही'. सरासरी ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तरीही आम्ही तिला शून्यच धरतो. ही मर्यादा आम्ही आमच्या कामापुरती ठरवली आहे. त्यामुळे म६ सारखे कोटीतले टक्के यादीत येतच नाहीत, ते मंडळ अवकाळीत जातं, आणि तिथे ते योग्य जागी असतं.

प्रोग्राम हातात नसेल तर ऑक या रकाने वाचणाऱ्या आज्ञेने रकान्यातली अक्षरं तपासा. किंमत तपासू नका: गॉक, म्हणजे ऑकची ग्नू आवृत्ती, चिन्हासकट लिहिलेले '+नॅन' आणि '-नॅन' विशेष मानतं, बिनचिन्हाचं 'नॅन' साध्या शब्दासारखं, आणि त्या फरकात अडकायचं कारण नाही. नियमित पदावली, म्हणजे अक्षरांचा साचा (रेगेक्स), अशी बनवा: रकान्याच्या सुरुवातीला हवं तर उणे किंवा अधिक, मग अंक, हवं तर एक टिंब आणि अंक, हवं तर 'ई', त्याचं चिन्ह आणि अंक, आणि मग रकाना संपलाच पाहिजे. 'संपलाच पाहिजे' ही अट सोडू नका. १.#आयएनएफ, १.०डी+०५, १.२३४-१०५, स्वल्पविरामाचे आकडे, हे सगळे त्या एका अटीत पकडले जातात. जुळलेल्या ओळी एका फाइलीत, न जुळलेल्या दुसरीत. मग फक्त पहिल्या फाइलीवर 'एलसी_ऑल=सी सॉर्ट -के४,४जी -के१,१'. दुसरी किल्ली यासाठी की बरोबरीच्या मंडळांचा क्रम दर आठवड्याला नावावरूनच लागावा.

दोन्ही फाइलींच्या ओळी मोजून बेरीज मूळ फाइलीशी जुळवा. जुळली नाही तर यादी पुढे पाठवायची नाही, असा नियम आम्ही स्क्रिप्टमध्येच घातला आहे.

बाजूला काढलेली फाइल फेकायची मात्र नाही. आमच्याकडे ती यादीच्या खाली जशीच्या तशी छापली जाते, अवकाळी आधी, आणि ती टक्क्यांवर नव्हे तर पडलेल्या मिलिमीटरवर लावलेली, 'सॉर्ट -के२,२जीआर'. जिथे भागाकाराला अर्थ नाही तिथे मिलिमीटरला आहे. या एप्रिलमध्ये यादी हातात पडल्यावर तालुक्याच्या माणसाने आधी खालचा भाग वाचला.

वर दिलेली सहा ओळींची फाइल आम्ही स्क्रिप्टच्या शेजारीच ठेवली आहे. नवं यंत्र आलं, लिनक्स अद्ययावत केलं, किंवा कुणी सॉर्टची ओळ बदलली, की आधी ती चालवायची. वरच्या यादीत म१, म४, म५ आणि खाली अवकाळीत म३, म६, मग कोरडं-अपेक्षितमध्ये म२, असंच आलं पाहिजे. दुसरं काही आलं तर --डीबग लावून रेघा बघायच्या.